झोंबतंय म्हणजे गुण येतोय, असं नाही

प्रश्न : ताई, मी धायरीला राहते, वय ३८. घरूनच पोळी-भाजीचं काम करते. पहाटे पाचपासून तव्यासमोर उभी असते. दीडेकशे पोळ्या होतात. अकरा वाजता गाडीवरून सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासाला आलेल्या मुलामुलींचे डबे पोहोचवते. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर काळपट डाग आले. सगळ्या म्हणाल्या, बाळंत झालीस की जातील. धाकटा आता तीन वर्षांचा आहे आणि डाग कपाळावर चढलेत. लिंबू आणि खाण्याचा सोडा लावला, बटाट्याचा रस लावला, जायफळ दुधात उगाळून लावलं. झोंबायचं, पण झोंबतंय म्हणजे काम करतंय असं समजून सोसलं. सासूबाई म्हणतात, पोटात उष्णता आहे, रक्त साफ व्हायचं औषध घे. मधे ओळखीच्या पार्लरमधून पांढरं क्रीम आणलं, डबीवर नाव-गाव काही नव्हतं. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की सगळ्या विचारायला लागल्या. डबी संपली आणि होतं त्याहून काळं झालं. आता उन्हात गेलं की चेहरा लाल होऊन आग होते. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत चांगली आहे. थोरलीची, ती तेरा वर्षांची आहे, मानही काळी पडलीय. रोज काथ्याने घासते, पण जात नाही. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे. खात्रीचा घरगुती उपाय सांगा. डॉक्टरकडे जायला वेळ नाही आणि ते महागडी क्रीमं लिहून देतात.

उत्तर : लिंबू-सोडा आजपासून बंद करा, आणि लेकीच्या मानेवरचा काथ्याही. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आजच.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हे वांग आहे असं वाटतं. गरोदरपणात सुरुवात, दोन्ही गालांवर सारखे डाग, वरचा ओठ, मग कपाळ, ही त्याची नेहमीची चाल. पत्रावरून निदान होत नाही, म्हणून ‘वाटतं’ म्हणते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला वांगाचं वेड जरा जास्तच. आई-मावशीला असेल तर लेकीला येण्याची शक्यता वाढते. पुरुषांनाही येतं, पण ते पत्र लिहीत नाहीत.

सुश्रुतसंहितेत याला व्यंग म्हटलंय आणि क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ आजारांत, बसवलंय. तिथलं वर्णन फार नेमकं आहे. राग आणि श्रम यांनी वात चिडतो, पित्ताला सोबत घेऊन तोंडावर येतो आणि पातळ, काळसर, न दुखणारा डाग उमटवतो. कारणमीमांसा त्या काळाची आहे. पण ‘न दुखणारा’ हे निरीक्षण आजही शंभर टक्के खरं आहे. वांग दुखत नाही, खाजत नाही, त्याची आग होत नाही. म्हणजे तुमच्या चेहऱ्याची जी आग होतेय ती वांगाची नाही. तुम्ही त्यावर जे जे लावलंत त्याची आहे.

आणि घोटाळा इथेच आहे. आपल्या कातडीला कुठलीही इजा झाली की ती जाताना काळा ठसा ठेवून जाते. डास चावून खाजवलेली जागा बघा, फोडणीचा थेंब उडालेला हात बघा. फोड बरा होतो, डाग महिनोन्‌महिने राहतो. कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन, उष्णता, जखम, जळजळ यातलं काहीही झालं की त्या कामाला लागतात. वांग असलेल्या चेहऱ्यावर त्या आधीच चेवलेल्या असतात. त्यात तुम्ही लिंबू चोळून जळजळ केलीत की त्यांना आणखी काम मिळालं. तुम्ही तीन वर्षं नेमाने डाग घालवण्याचा प्रयत्न करत होतात आणि त्याच प्रयत्नांतून डागांना खतपाणी मिळत होतं. हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. यूट्यूब उघडलं की दर दुसरी बाई लिंबू पिळताना दिसते.

आता एकेक उपाय घेऊ.

लिंबाचा रस भयंकर आंबट, म्हणजे त्याचा पीएच दोनच्या आसपास (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त). चेहऱ्याच्या कातडीचा स्वतःचा पीएच साडेचार ते साडेपाच असतो. नुसता आंबटपणा असता तरी एक वेळ चाललं असतं. पण लिंबाच्या सालीत आणि रसात अशी काही द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि नंतर तपकिरी-काळे पट्टे उमटतात. उन्हात बसून लिंबू पिळणाऱ्यांच्या हातांवर असे ओघळ दिसतात, डॉक्टरांना ते चांगले ओळखीचे आहेत. तुम्ही सकाळी लावून, धुऊन, अकराला उन्हात निघत असाल तर काय होत असेल ते सांगायला नको. सोडा बरोबर उलटा. तो अल्कली. कातडीवर पाणी धरून ठेवणारा जो आंबटसर थर असतो तो त्याने मोडतो, कातडी कोरडी आणि चिडकी होते. दोन्ही एकत्र केल्यावर फसफसतं म्हणून काहीतरी शास्त्रीय घडतंय असं वाटतं. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याचा डागाशी काही संबंध नाही.

बटाटा त्या मानाने बिचारा निरुपद्रवी. गार वाटतो, इतकंच. त्यातल्या एन्झाइमने डाग जातात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण बटाटा चोळून वांग गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही. लावायची हौस असेल तर लावा, पण मग त्या बटाट्याची भाजी केलीत तर जास्त उपयोग होईल.

जायफळाबद्दल लिहिताना माझा हात थोडा अडखळतो, कारण आपल्याकडे वांगावर जायफळ हे आजीपासून चालत आलंय आणि काहींना त्याने बरं वाटलेलं मी ऐकलंय. पण जायफळातलं तेल उग्र असतं. सहाणेवर उगाळताना नीट बारीक झालं नाही की त्याचे कण चेहऱ्यावर खरखरीत कागदासारखे घासले जातात. बोटाने गोल गोल चोळायचं, वाळल्यावर खरवडून काढायचं, या सगळ्यात कातडी सोलवटते. वरचा थर गेल्यामुळे दोन दिवस उजळ वाटतं, मग पुन्हा काळं. तुम्हाला झोंबलं ना, मग तुमच्यासाठी ते नाही. विषय संपला.

टूथपेस्ट, व्हिनेगर, कच्ची लसूण, चुना हे तुम्ही केलेलं नाहीत हे तुमचं नशीब. कोणी सुचवलं तर करू नका.

मग घरातलं काहीच लावायचं नाही का? तसं नाही. घरगुती गोष्टी चिडलेली कातडी शांत करायला चांगल्या आहेत. डाग पुसून टाकायची अपेक्षा त्यांच्याकडून करू नका. कोरफड लावा. फक्त पान कापल्या कापल्या लावू नका. सालीखालून पिवळा, कडू चीक येतो, त्याने खाज सुटते. पान कापून थोडा वेळ ग्लासात उभं ठेवा, चीक निथळू द्या, साल सोला, गर पाण्याखाली धुवा आणि मग लावा. साबणाऐवजी मसूर डाळीचं बारीक पीठ दुधात कालवून हलक्या हाताने लावून धुवा. चोळायचं नाही, दिवाळीच्या उटण्यासारखं घासायचं तर अजिबात नाही. साधं ताजं दही पाच-दहा मिनिटं चालेल. जेष्ठमधाला थोडा आधार आहे. त्यातलं ग्लॅब्रिडिन नावाचं द्रव्य रंग तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि औषधी क्रीमांमध्ये जेष्ठमधाचा अर्क वापरतातही. पण ते द्रव्य पाण्यात फारसं उतरत नाही, म्हणून रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पूड आणून दुधात कालवली तर त्या अर्काइतका गुण येईल अशी आशा धरू नका. लावायचं असेल तर आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा. काही झालं नाही तर चेहऱ्याला. हा नियम हळद, चंदन, मंजिष्ठा सगळ्यांना लागू. ‘नैसर्गिक’ असल्यामुळे त्रास होत नाही, हे ज्याने म्हटलं त्याने बिब्बा पाहिलेला नाही.

मात्र हे सगळं आणखी महिनाभर थांबून. सध्या तुमचा चेहरा लाल होऊन पेटतोय, अशा कातडीवर दहीसुद्धा नको. तूर्त साधं पाणी, वास नसलेलं सौम्य फेसवॉश आणि वास नसलेलं मॉइश्चरायझर, बस.

आता तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात अशा तीन गोष्टी. मला विचाराल तर तुमचं वांग न जाण्याची कारणं त्यांतच आहेत.

पहिली, गोळ्या. पाळणा लांबवायच्या बऱ्याच गोळ्यांत इस्ट्रोजेनसारखे स्त्री-हार्मोन असतात. गरोदरपणात वांग येतं तेही याच हार्मोन्सच्या चढत्या पातळीमुळे. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं वांग आपोआप फिकं होतं. तुमचं झालं नाही, उलट कपाळावर गेलं, तेव्हा शंका गोळ्यांवर जातेच. स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका, नाहीतर वांगाऐवजी दुसराच प्रश्न उभा राहील. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा की गोळ्यांमुळे चेहरा काळवंडतोय असं वाटतंय, तांबीसारखा दुसरा पर्याय आहे का. तांबीत हार्मोन नसतात.

दुसरी, तवा. उन्हाबद्दल सगळे बोलतात, चुलीबद्दल कोणी नाही. नुसत्या उष्णतेनेही वांग वाढतं, मग ती उन्हाची असो की गॅसची. दीडशे पोळ्या म्हणजे रोज दोन-तीन तास चेहरा तव्याच्या झळेवर. धंदा बंद करा असं मी सांगणार नाही. पण लाटायला आणि भाजायला आलटून पालटून माणूस ठेवता आला तर ठेवा. भाजणारीने सतत वाकून न बघता थोडं मागे उभं राहायचं. एक्झॉस्ट पंखा नसेल तर तो खर्च क्रीमाच्या आधी करा. मधे मधे चेहऱ्यावर गार पाण्याचा ओला पंचा टेकवा. पुसायचा नाही, टेकवायचा. आणि पदराने घाम खसाखसा पुसायची सवय सोडा. ती आपल्या सगळ्यांना असते.

तिसरी, अकराचं ऊन. तुम्ही म्हणाल, मी स्कार्फ बांधते. पुण्यातली कुठली बाई बांधत नाही? डोळे सोडून सगळं गुंडाळून गाडी चालवणाऱ्या बायका ही या शहराची ओळख झालीय. पण स्कार्फ खिडकीशी धरून बघा. आरपार उजेड दिसला तर ऊनही आरपार जातं. पातळ ओढणीपेक्षा दाट विणीचा गडद सुती कपडा चांगला. तो रोज धुवा, कारण घाम आणि धूळ मुरलेलं कापड गालाच्या हाडावर तासभर घासलं जातं, आणि घासणं म्हणजे पुन्हा डाग. फार आवळू नका. कपाळ आणि डोळ्यांभोवतीचा भाग स्कार्फात येत नाही, त्यासाठी हेल्मेटची काच खाली. हेल्मेट पोलिसांसाठी घालता की डोक्यासाठी, हा प्रश्न पुण्यात विचारायचा नसतो, पण वांगासाठी घाला.

स्कार्फच्या आत सनस्क्रीन हवंच, आणि यात कंजुषी करायची नाही. एसपीएफ ३० असलं तरी ते अतिनील ‘बी’ किरणांतले सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० असलं तर ९८. म्हणजे आकड्यात फारसा फरक नाही, किती लावता यात सगळा फरक आहे. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम चेहरा-मानेला लागतं. बहुतेक बायका वाटाण्याएवढं लावतात आणि मग ‘उपयोग नाही’ म्हणतात. निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. पहाटे लावलेलं अकरापर्यंत घामाबरोबर वाहून गेलेलं असतं, ते पुन्हा लावा. ‘पीए’पुढे तीन-चार अधिकचिन्हं असलेलं घ्या. ती ‘ए’ किरणांसाठी असतात, आणि ‘ए’ किरण खिडकीच्या काचेतूनही येतात.

वांगासाठी एक जास्तीची गोष्ट. नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही, त्यातल्या निळ्या-जांभळ्या भागाने, आपली कातडी काळवंडते. साधं पांढरं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. आयर्न ऑक्साइड घातलेलं, कातडीच्या रंगाचं ‘टिंटेड’ सनस्क्रीन अडवतं. दुकानात असंच मागा. दुहेरी फायदा म्हणजे डाग झाकलेही जातात. ज्या पैशात तुम्ही तीन वर्षांत लिंबं, सोडा आणि ती बिननावाची डबी आणलीत, त्यात हे बसतं.

आता त्या डबीबद्दल.

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे बरीच वर्षं उभी राहिलेय, त्यामुळे ही गोष्ट मला फार ओळखीची आहे. पंधरा दिवसांत उजळणं, थांबवल्यावर दुप्पट काळं होणं, उन्हात लाल होऊन पेटणं. हे स्टेरॉइडचं वागणं आहे. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन अशा नावांची ही औषधं. गजकर्णापासून पिंपलपर्यंत सगळ्यावर लोक ती मनाने चोळतात. जळजळ दाबली जाते, कातडी उजळते, सगळे खूश. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर केस वाढतात, आणि क्रीम सोडलं की चेहरा पेटतो. म्हणून बाई पुन्हा तेच क्रीम आणते. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना या गैरवापराविरुद्ध कित्येक वर्षं ओरडतेय. २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर उभी लाल रेघ असते ती यासाठी. तरी ‘ती अमुक ट्यूब द्या’ म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांची रांग काही कमी झाली नाही, आणि देणारेही होतेच.

तुमच्या डबीवर तर रेघही नाही. नाव-गाव नसलेल्या उजळ करणाऱ्या क्रीमात दुसरी भीती पाऱ्याची. पारा रंग तयार करणारं एन्झाइम बंद पाडतो, म्हणून चेहरा पटकन उजळतो. तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक आले, आणि त्यांतले बरेच जण अशीच उजळ करणारी क्रीमं वापरणारे निघाले. २०२३ मध्ये याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला बंदी आहे, पण ज्या डबीवर कंपनीच नाही तिला बंदी लागू करणार कोण? तुमच्या डबीत पारा होता असं मी म्हणत नाही. पण पायांवर सूज, लघवीला खूप फेस, असं काही दिसत असेल तर चेहऱ्याचं नंतर बघू, आधी लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या. ज्या ओळखीच्या बाईंनी डबी दिली त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. बहुतेक त्यांनाही आत काय आहे ते ठाऊक नसणार. पण दुसरी डबी घेऊ नका आणि ‘किती उजळलीस’ म्हणून विचारणाऱ्यांना पत्ता देऊ नका.

सासूबाईंच्या रक्त साफ करण्याच्या औषधाबद्दल थोडक्यात. वांग रक्त अशुद्ध झाल्याने येत नाही. त्यांना तसं तोडून सांगायची गरज नाही. ‘ताई म्हणाल्या आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपास’ असं सांगा, रक्ताचं काहीतरी केलं याचं त्यांना समाधान आणि तुमचंही काम. वांगवाल्या काही बायकांत थायरॉइड सापडतो, म्हणून ती तपासणी वाया जात नाही. आयुर्वेदिक औषधच हवं असेल तर रास्ता पेठेत ताराचंद रुग्णालय आहे, तिथे वैद्यांना दाखवून घ्या. जाहिरात बघून बाटली आणू नका.

आता थोरली. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला तुमच्या डागांपेक्षा ही ओळ जास्त खटकली.

तेराव्या वर्षी मान काळी पडते, मखमलीसारखी जाडसर लागते, घासून जात नाही, तेव्हा तो बहुतेक वेळा मळ नसतोच. काखेत, बोटांच्या पेरांवरही तसंच आहे का बघा. याला ॲकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही तेव्हा रक्तात इन्सुलिन वाढतं आणि ते कातडीच्या पेशींना वाढायला लावतं. वजन थोडं जास्त असलेल्या, घरात मधुमेह असलेल्या, पाळी अनियमित असलेल्या मुलींत हे खूप दिसतं. काथ्याने घासलं की कातडी आणखी जाड आणि काळी होते. शिवाय ती रोज मान खाली घालून घासून घेते, कारण तिला वाटतं आपण अस्वच्छ आहोत. हे आधी थांबवा आणि तिला स्पष्ट सांगा की हा मळ नाही, तिची काही चूक नाही. शाळेत कोणी चिडवत असेल, तेही विचारा. उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) या दोन साध्या तपासण्या करून घ्या. पुढचं डॉक्टर सांगतील. वजन थोडं उतरलं, खेळ वाढला, की ही मान हळूहळू निवळते. तिला क्रीम लावू नका.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. तोवर वांग जाणार नाही. हे सांगायला मला आनंद होत नाही, पण कातडीचा वरचा थर बदलायलाच महिना-दीड महिना लागतो, आणि औषध सुरू केल्यावर फरक दिसायला दोन-तीन महिने. खोलवरचे राखाडी डाग त्याहून हट्टी. ‘लग्नाआधी एकदा’ म्हणून ब्लीच, फेशियल, पील काही करू नका. ब्लीचने लव सोनेरी होते म्हणून चेहरा गोरा वाटतो, आणि तुमच्या आत्ताच्या कातडीला अमोनिया लागला तर मांडवात लाल तोंडाने उभं राहावं लागेल. लग्नासाठी मेकअप करा, लाज कसली? पीच किंवा नारिंगी झाक असलेला कन्सीलर आधी डागांवर टेकवायचा आणि त्यावर कातडीच्या रंगाचं फाउंडेशन. तपकिरी डाग नुसत्या फाउंडेशनखाली राखाडी दिसतो, नारिंगीमुळे तो दबतो. आठवडाभर आधी एकदा करून बघा. हळदीला गालाला हळद लागणारच, नाही म्हणू नका, अर्ध्या तासाने धुऊन टाका.

आणि डॉक्टर. वेळ नाही म्हणता, पण तीन वर्षांत लिंबं पिळण्यात गेला त्याहून कमी वेळ लागेल. महाग वाटत असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात त्वचाविभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. रविवारी मेसला सुट्टी असली तरी ओपीडीलाही असते, तेव्हा एखाद्या दिवशी डबे दुसऱ्या कुणाच्या गाडीवर पाठवा. डॉक्टर वांगाला ॲझेलेइक ॲसिड, नायसिनमाइड, कोजिक ॲसिड असं काही देतील. कधी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूबही लिहितील. ते सूत्र १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी मांडलं, आणि ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरलं तर गुण देतं. तुमच्या कातडीने आधीच स्टेरॉइड खाल्लंय, म्हणून तुम्हाला कदाचित देणार नाहीत. दिलंच तर किती दिवस, ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्यापुढे एक दिवसही वापरू नका. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावत राहिलं तर निळसर-काळे डाग पडतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. पोटातून घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्यांची नावं मैत्रिणी सांगतील. त्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, आणि तुम्ही आधीच पाळणा लांबवायच्या गोळ्या घेताय, तेव्हा त्या मनाने मुळीच नाहीत.

जाताना चेहऱ्यावर काही लावू नका. सध्या चालू असलेल्या गोळ्यांचं पाकीट न्या, गरोदरपणाआधीचा एखादा फोटो न्या, लेकीला बरोबर न्या. आणि ती रिकामी पांढरी डबी अजून घरात असेल तर कचऱ्यात टाकू नका, डॉक्टरांसमोर ठेवा.